मेशिलचा पाक

आमचे हे जेवायला बसले की पाच मिनिटांत उठत. सार उकळतं असलं तरी तेच. भाताची वाटी अख्खी सारात पालथी करायची, चमचा दोनदा फिरवायचा, वाडगा तोंडाशी न्यायचा आणि मान खाली घालून ओरपायला लागायचं. सॉमजिन नदीत कमरेभर पाण्यात उभं राहून वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणारा माणूस. ओहोटी कुणाच्या जेवणासाठी थांबत नाही, असं ते म्हणत. मीही कधी हरकत घेतली नाही. माझी स्वतःची सहा टेबलांची खानावळ आहे, तिसऱ्यांच्या साराची. जे गिऱ्हाईक लवकर खातं ते मला आवडतं.

गेल्या ऑक्टोबरात सरकारी तपासणीत त्यांच्या पोटात नळी घातली आणि कॅन्सर निघाला. लहान होता, वेळेवर सापडला. ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात जठराच्या तीन भागांतले दोन कापून टाकले, तिसरा ठेवला. डॉक्टर म्हणाले, "सुटलात." आणि घरी जाताना हातात एक पुस्तिका दिली. मी ती लसणीची पात चिरता चिरता वाचली. थोडं थोडं खा, सावकाश खा, गोड टाळा. म्हटलं, झालं की! आमच्या घरात केक कोण खातंय?

आजारी माणसाला मऊ खायला द्यायचं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून मी भात सारात कालवूनच द्यायला लागले. वाडगा लहान केला, आणि स्वतःवरच खूश झाले.

चौथ्या दिवशी जेवून उठल्यावर पाव तासात ते भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, छातीत धडधड. पोटात पीळ पडला म्हणून संडासाकडे धावले आणि परत येऊन जमिनीवर आडवेच झाले. मी बघताक्षणी ओळखलं. अन्न अडकलं होतं. आमच्याकडे सगळ्यांचंच कधी ना कधी अडकतं, आणि त्यावर काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. खांद्यापासून खाली हात चोळत आणला, अंगठ्याला दोरा करकचून बांधला, सुई दिव्यावर धरली आणि नखाच्या मुळाशी टोचली. काळं रक्त आलं. आलं म्हणजे अडकलेलं सुटलं. त्यावर मेशिलचा पाक पाण्यात कालवून पेलाभर पाजला.

माझ्या पाकाबद्दल सांगायलाच हवं, कारण गावात माझं नाव सारापेक्षा त्यानेच आहे. जूनमध्ये मेशिलची हिरवी, टणक, जर्दाळूएवढी आंबट फळं झाडावरून उतरली की मी चाळीस किलो घेते. धुते, पुसते, एकेकाचा देठ दातकोरणीने काढते, आणि बरण्यांत थर लावते. जेवढी फळं, वजनाने तेवढीच साखर. शंभर दिवसांनी गाळते, मग वर्षभर मुरवते. पोट बिघडलं, जळजळलं, लग्नात जास्त झालं, की लोक बाटली घेऊन माझ्या दारात. "वहिनी, थोडा द्या." माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात दुसरं काही घेत नव्हत्या, माझा पाक घेत होत्या. त्याला गोड कोण म्हणेल? ते औषध आहे.

तर मी औषध सुरू केलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणावर एकेक पेला. हे निमूटपणे प्यायचे. तरी धडधड व्हायचीच, आणि वर दोन तासांनी नवंच काहीतरी सुरू व्हायचं. हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला गार घाम. मी घाबरून पुन्हा पाक पाजायची. आणि दहा मिनिटांत त्यांना हुशारी यायची! मग सांगा, माझा त्या पाकावरचा विश्वास वाढणार की कमी होणार? मी पेल्यातला पाक दोन चमच्यांवरून चार चमच्यांवर नेला.

ऑपरेशनआधी ते अडुसष्ट किलो होते. मार्चमध्ये, नदीकाठची झाडं फुलून पांढरी झाली तेव्हा, बावन्न. पँटला दोरी बांधायला लागले. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "दादा, जेवलात का?" आमच्याकडे नमस्काराच्या जागी हेच विचारतात. त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. पण ह्यांना ते बोचायला लागलं. जेवणाची वेळ झाली की ते नदीकडे निघून जायचे. "भूक नाही," म्हणायचे. भूक असायची, मला दिसत होती. भीती त्याहून मोठी होती.

इस्पितळाने सहा महिन्यांनी तपासायला बोलावलं होतं. चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. तारीख जवळ आली तशी चिठ्ठी नाहीशी झाली. विचारलं तर म्हणाले, "वाऱ्याने उडाली असेल." घरात, खिडक्या बंद असताना!

मग एके दिवशी सकाळी मानहो खानावळीत तिसऱ्या द्यायला आला. हा आमचा शेजारी, नदीवरचा ह्यांचा जोडीदार, ह्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने दंताळं दाराला टेकवलं, आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. तिसऱ्या खरवडायचं ते दंताळं ह्यांचं होतं. दांडा त्यांनी स्वतः तासलेला, मुठीच्या जागी तीस वर्षांचा घाम मुरलेला. ते कुणाला हातही लावू देत नसत.

"हे तुझ्याकडे कसं?"

मानहोने नजर चुकवली. "दादांनी दिलं, वहिनी. मी नको म्हणत होतो."

"उसनं?"

"उसनं नाही." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणाले, तुझ्या हाताला बसेल. आणि तुमच्या छपराचा पन्हाळ पावसाआधी बदलून द्यायचा, असं वचन घेतलं माझ्याकडून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

मला काहीच ठाऊक नव्हतं. माझा नवरा आवराआवर करत होता, आणि मी आत बसून लसणीची पात चिरत होते. मी गॅस बंद केला. टेबलावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना म्हटलं, आज सार नाही, उठा. अशी वेळ माझ्या खानावळीवर कधी आली नव्हती.

ते बांधावर बसले होते, पाण्याकडे तोंड करून. मी समोर जाऊन उभी राहिले.

"दंताळं का दिलंत?"

"गंजून गेलं असतं."

"खोटं बोलू नका. चिठ्ठी कुठे आहे?"

त्यांनी बांधावरचा एक खडा पाण्यात भिरकावला. मग म्हणाले, "ते परत आलंय गं. मला माहीत आहे. वजन बघ. खाल्लेलं काही अंगाला लागत नाही. माझ्या बाबांचं असंच झालं होतं. कशाला पुन्हा नळ्या घालायच्या? मेशिल उतरवून झाली की मग बघू."

"तोवर उराल का?"

"उरलो तर बघू."

मला इतका राग आला की मी चप्पल काढली. मारणार नव्हते, पण काढली खरी. "ठीक आहे," म्हटलं, "तुम्ही जेवत नाही, मीही जेवत नाही. खानावळीला कुलूप लावून आले आहे. इथे बसते." आणि चप्पल बुडाखाली घेऊन शेजारी बसले. दुपार झाली. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, ते त्यांनाही ऐकू येत असणार.

"जा, खाऊन ये," ते म्हणाले.

"तुम्ही चला म्हणजे जाते."

"तू उपाशी राहिलीस तर अख्ख्या गावावर खेकसशील."

"खेकसेन. आणि तुमचं नाव सांगेन."

तेव्हा ते हसले. फार दिवसांनी हसले. खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

आठवड्याच्या अंतराने दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत स्कॅन आणि रक्त, दुसऱ्या फेरीत गुंगीचं औषध देऊन नळी. ते आत गुंगीतच होते तेव्हा डॉक्टर बाहेर आले. मी पिशवी घट्ट धरून उभी. ते म्हणाले, "काही नाही. स्कॅन स्वच्छ, रक्त ठीक, जोडसुद्धा छान भरलाय. कॅन्सर कुठेच नाही." मी म्हटलं, "मग हा माणूस वाळतोय कशाने?" ते म्हणाले, "तेच मलाही विचारायचंय. जरा आहाराच्या बाईंना भेटून या."

आहाराच्या बाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. हारिन नाव. टेबलावर प्लॅस्टिकचा भात, प्लॅस्टिकची किमची. मला आधी हसूच आलं. ही मला जेवण शिकवणार!

"आई," ती म्हणाली, "बाबांच्या पोटात दिवसभरात काय काय जातं, ते सगळं सांगा. घोटभर पाणीसुद्धा."

मी सांगितलं. सारात कालवलेला भात. ती लिहीत होती. किती वेळात खातात? पाच मिनिटं, आता सात. लिहीत होती. मग मी तिला पाकाबद्दल सांगितलं, जरा तोऱ्यातच. घरचा, मुरलेला, विकतचा नव्हे. जेवणावर पेला, थरथरलं की आणखी पेला.

तिचं पेन थांबलं. "त्यात साखर किती, आई?"

"फळांइतकीच. निम्मेनिम."

"तुमच्या खानावळीत गर्दी झाली तर काय करता?"

मला कळेना हे मधेच काय. "दारात थांबवते. टेबल रिकामं होईल तसं आत सोडते."

"जठर तेच करतं. दारात उभं राहून थोडं थोडं आत सोडतं. बाबांचा दरवान आता कापून टाकलाय. खाल्लं की सगळी गर्दी एकदम आतड्यात घुसते. सार असेल तर आणखी वेगाने. आणि साखर असेल तर..." ती थांबली. "मेशिलवर साखर घातली की बरणीत काय होतं, आई?"

"पाणी सुटतं," मी म्हटलं. "साखर फळातलं पाणी ओढून घेते. फळ सुरकुततं."

आणि बोलता बोलताच मला कळलं. ती पुढे सांगत होती, पण तिने सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी माझ्या हाताने ते बघत आले होते. घट्ट, टणक फळ आठ दिवसांत म्हाताऱ्या माणसाच्या कातड्यासारखं होतं.

"तसंच साखर आतड्यात अंगातलं पाणी ओढते," हारिन म्हणाली. "म्हणून धडधड, घाम, पीळ. मग एवढी साखर एकदम रक्तात गेली की शरीर ती उतरवायला धावतं, आणि गरजेपेक्षा जास्त उतरवतं. दोन तासांनी थरथरतात ते म्हणून."

"पण तेव्हा पाक दिला की बरं वाटायचं हो त्यांना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"वाटणारच. साखर खाली गेलेली असते. पण साखरेची एक गोळी पुरते तेव्हा. पेलाभर पाक म्हणजे पुढची फेरी सुरू."

तिने मला एका कागदावर लिहून दिलं. दिवसात सहा वेळा, मूठभर. आधी मासा, अंडं, तोफू, मग भात. घास तीस वेळा चावायचा. सार, पाणी, चहा जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. गोड पेय बंद. जेवल्यावर थोडा वेळ मागे रेलून बसायचं. थरथरलं तरच एक साखरगोळी, आणि त्यावर काहीतरी खरं खाणं. "वजन परत यायला वेळ लागेल," ती म्हणाली, "पण येईल. आणि आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

मुद्दाम केलं नाही, म्हणून काय झालं? मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. सोळा किलो! त्यातले निदान दहा मी काढले असणार, चमच्याचमच्याने.

गुंगी उतरल्यावर ह्यांना मी बातमी सांगितली. कॅन्सर नाही. ते छताकडे बघत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी कानात ओघळू दिलं. मग विचारलं, "मग काय होतं?"

"सार," मी म्हटलं. "सारात भात कालवायचा नाही म्हणे. आणि भराभर गिळायचं नाही."

पाकाचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. बसमध्ये निघेल म्हटलं, निघालं नाही. घरी गेल्यावर बरण्या मागच्या कोठीत सरकवल्या आणि वर पोतं टाकलं. जेवणानंतर त्यांनी सवयीने पेल्याकडे पाहिलं, तर मी म्हटलं, "संपला." त्यांनी मान डोलावली. मी नवऱ्याशी भांडले आहे पुष्कळ, पण लपवलं कधी काही नव्हतं.

मग सुरू झालं आमचं नवं जेवण. साराच्या खानावळीत मधल्या टेबलावर माझा नवरा कोरडा भात खात बसायचा, साराशिवाय! पहिल्या दिवशी त्यांना ते घशाखाली जाईना. एकेक घास तोंडात टाकायचा आणि मी समोर बसून मोजायची. बावीसला गिळला की मी टेबलावर थाप मारायची. मानहोची करमणूक झाली.

"दादा, चावताय की जपमाळ ओढताय?"

ते उत्तर देऊ शकत नव्हते, तोंडात घास. फक्त एक बोट वर करायचे, थांब, अशा अर्थाने. मानहो बिचारा थांबायचा. तीस झाले की ते गिळायचे आणि मग शिवी द्यायचे. गावाला या बोटाची सवय झाली. "जेवलात का?" विचारलं तर आता ते थांबून सगळं सांगायचे, सकाळपासून काय काय, कितीदा. लोक पळ काढायला लागले.

सगळं सरळ झालं असं नाही. मानहोच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांनी दोन गोड तांदूळवड्या पटकन तोंडात टाकल्या आणि तासभर अंगणात आडवे पडून राहिले. पण या वेळी कुणी सुई काढली नाही. काय होतंय ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. दोन तासांनी हात थरथरले, एक गोळी चघळली, अर्धं अंडं खाल्लं, उठले. भीती गेली की दुखणं अर्धं होतं. मे संपता संपता काटा छप्पन्नवर आला, आणि मानहोने एक दिवस दंताळं गुपचूप आमच्या अंगणात आणून ठेवलं.

जून लागला. गावभर मेशिल उतरायला लागली. टेम्पो भरभरून चालले होते, आणि माझ्या दारात एकही टोपली नव्हती. दुपारची गिऱ्हाइकं गेली होती. ह्यांच्यापुढे मी मूठभर भात आणि मुळा घालून शिजवलेला बांगडा ठेवला. त्यांनी बांगड्याचा तुकडा उचलला आणि सहज म्हणाले, "या वर्षी मेशिल घेतली नाहीस?" आणि तुकडा तोंडात टाकला.

मी त्यांच्या समोर बसले. ओला हात फडक्याला पुसला, आणि सगळं सांगून टाकलं. हारिनने काय विचारलं, साखर काय करते, चार चमचे कुणी केले, बरण्या कुठे आहेत. "सार नव्हतंच एवढं वाईट," म्हटलं. "माझा पाक होता. मी पाजत होते आणि तुम्ही वाळत होतात. तुम्हाला दंताळं द्यावंसं वाटलं ते माझ्यामुळे. आणि मी दोन महिने ते दडवून ठेवलं. काय बोलायचं ते बोला."

त्यांनी बोट वर केलं.

मी थांबले. काय करणार? ते चावत होते. सात, आठ. माझ्या डोळ्यांकडे बघत, अगदी सावकाश. पंधरा. एवढे लांब तीस मी जन्मात मोजले नाहीत. तेवीसला मला वाटलं गिळतील, गिळलं नाही. तीस झाल्यावर गिळलं, आणि म्हणाले, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाकाचं. पहिल्या महिन्यातच कळलं. तू एकदा बाजाराला गेली होतीस, त्या दिवशी प्यायलो नाही, तर कमी त्रास झाला. दुसऱ्यांदाही तसंच झालं."

"मग बोलला का नाहीत?"

ते भाताकडे बघत राहिले. "मला वाटत होतं मी जाणारच आहे. पाकाने थोडं लवकर, एवढंच. मी गेल्यावर तू म्हणत बसली असतीस, आणखी काहीतरी करायला हवं होतं. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? म्हटलं, पिऊ. तिच्या मनाला तरी राहील की तिच्याकडून काही कमी पडलं नाही."

मी उठले. टेबलावरचं फडकं घेऊन त्यांच्या खांद्यावर हाणलं, एकदा, दोनदा. रडत होते आणि हाणत होते. "असली माया नको मला! मेला असतात माझ्या हातून, आणि वर उपकार! ऐका, यापुढे मी दिलेलं काही बाधलं, आवडलं नाही, नको असलं, तर तोंडावर सांगायचं. त्याच क्षणी. कळलं?"

"कळलं."

"नुसतं कळलं नको. सांगायचं."

त्यांनी थोडा विचार केला. मग चमच्याने ताटली माझ्याकडे सरकवली.

"बांगडा खारट झालाय," ते म्हणाले.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं. मी डोळे पुसले, खाली बसले आणि एक तुकडा तोंडात घालून पाहिला. खरंच खारट झाला होता.